माजी सैनिक, मनाचा आघात आणि मद्य

अंबाजोगाई हे गाव योगेश्वरीचे व आद्यकवी मुकुंदराजांचे म्हणून महाराष्ट्रास परिचित आहे. मोमिनाबाद या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या गावी एके काळी हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळाची छावणी होती. आज तेथेच स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे शासकीय ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आहे. छावणी गेली; परंतु सैन्यातून गावी परतणारा जवान बीड जिल्ह्यात आजही घरोघरीच्या ओळखीचा आहे.

साधा शिपाई पस्तीस ते चाळीस वर्षांच्या वयात निवृत्त होतो. मुले शाळेत असतात, आयुष्य पुष्कळ उरलेले असते. बहुसंख्य माजी सैनिक शेती, नोकरी वा ग्रामपंचायतीचे काम उत्तम रीतीने सांभाळतात. काहींच्या बाबतीत मात्र वेगळे घडते. शेजारच्या शिवारात विहिरीचा सुरुंग उडाला की असा माणूस दचकून जमिनीवर पडतो. रात्री तीच ती स्वप्ने पडतात. वरातीतील फटाके त्यास सहन होत नाहीत. झोप यावी म्हणून तो मद्य घेऊ लागतो आणि काही वर्षांत गाव त्यास ‘दारुडा’ म्हणून मोकळे होते. या एका शब्दामागे दोन आजार दडलेले असू शकतात, हे ध्यानी घेणे अगत्याचे आहे.

जुना विकार, नवे नाव

पहिल्या महायुद्धात १९१५ साली ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ चार्ल्स मायर्स यांनी अशा सैनिकांचे वर्णन ‘शेल शॉक’ या नावाने केले. व्हिएतनाम युद्धानंतर, १९८० साली, अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने ‘आघातोत्तर ताण विकार’ म्हणून त्यास मान्यता दिली. हा विकार केवळ सैनिकांनाच होतो असे नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत झालेल्या भूकंपासारख्या आपत्तीतून वाचलेल्यांनाही तो जडू शकतो.

मेंदूत काय घडते?

मेंदूतील ‘अमिग्डाला’ हा बदामाच्या आकाराचा भाग धोक्याची सूचना देतो. कपाळामागील भाग ती सूचना खरी की खोटी हे पारखून तिला आवर घालतो. ‘हिप्पोकॅम्पस’ हा भाग घटनेला स्थळ आणि काळ जोडून देतो. ही गोष्ट तेव्हाची, आताची नव्हे, असे सांगतो. या विकारात पहिला भाग अतिजागृत होतो, दुसऱ्याचा लगाम सैल पडतो आणि तिसऱ्याचे काम बिघडते. म्हणूनच सुरुंगाचा आवाज विहिरीचा आहे हे ठाऊक असूनही शरीर रणांगणावरचेच वर्तन करते.

अमेरिकेत १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विकारग्रस्त २६ माजी सैनिकांचा उजवा हिप्पोकॅम्पस तुलनेच्या गटापेक्षा सुमारे ८ टक्क्यांनी लहान आढळला. पुढे २००२ साली जुळ्या भावांच्या अभ्यासातून असे दिसले की, युद्धावर न गेलेल्या भावातही हा भाग लहान असू शकतो. म्हणजे काही बदल आघाताने होतात, तर काहींच्या मेंदूची ठेवण मुळातच त्यांस अधिक असुरक्षित करते. दोन्ही परींनी दोष माणसाच्या धैर्याचा ठरत नाही.

मद्याची भर

मद्य प्रारंभी मेंदूची खळबळ शांत करते, म्हणून ते औषध वाटते. परंतु उत्तररात्री झोप मोडते, स्वप्ने अधिक जोराने येतात आणि दुसऱ्या दिवशी अधिक मद्य लागते. दीर्घकाळच्या अतिसेवनाने कपाळामागील भाग व तोल सांभाळणारा लहान मेंदू यांची झीज होते. जो लगाम आघाताने सैल झालेला असतो, तोच मद्याने आणखी तुटतो. आहाराची आबाळ झाल्यास थायमिन, म्हणजे ‘ब-१’ जीवनसत्त्व, कमी पडते आणि स्मृती कायमची नष्ट होण्याचा धोका संभवतो.

आशेची बाब अशी की, मद्य पूर्णपणे सोडल्यानंतर काही आठवड्यांत व महिन्यांत मेंदूची ही झीज अंशतः भरून येते, असे तपासण्यांतून दिसून आले आहे.

शपथेपूर्वी डॉक्टर

आपल्याकडे देवापुढे शपथ घेऊन किंवा गळ्यात तुळशीची माळ घालून दारू सोडण्याची परंपरा आहे. तिने अनेक संसार सावरले आहेत. तथापि, रोज भरपूर पिणाऱ्याने ती एकाएकी बंद केल्यास पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास कंप, भास व भ्रम होऊन प्राणावरही बेतू शकते. म्हणून माळ जरूर घालावी. पण त्याआधी रुग्णास डॉक्टरांकडे न्यावे. औषधे व थायमिनची इंजेक्शने देऊन हा काळ सुरक्षितपणे पार पाडता येतो.

दोन्ही आजारांवर एकत्र उपचार व्हावयास हवेत. आधी दारू सोड, मग मनाचे पाहू, असे म्हटल्यास रुग्ण बहुधा परत येत नाही. आघाताच्या आठवणींना तज्ज्ञांच्या साहाय्याने टप्प्याटप्प्याने सामोरे जाणे, हा उपचाराचा गाभा होय. गरजेनुसार औषधांची जोड दिली जाते.

गावाचे कर्तव्य

अंबाजोगाईचे रुग्णालय, बीडचे जिल्हा रुग्णालय, तसेच २००३ पासून सुरू असलेली माजी सैनिकांची ‘ईसीएचएस’ आरोग्य योजना यांद्वारे उपचार मिळू शकतात. २०२२ साली सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनीवरून विनामूल्य सल्ला मिळतो. निवृत्तिवेतन वा कागदपत्रांच्या अडचणींसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे जावे.

वर्गात अबोल झालेल्या मुलाच्या घरी काय चालले आहे, हे शिक्षकास प्रथम कळते. ऊसतोडीच्या हंगामात गाव ओस पडते, तेव्हा एकटा मागे राहिलेला माणूस ग्रामपंचायत सदस्याच्या नजरेस पडतो. सुरुंग लावण्यापूर्वी अशा घरी निरोप धाडणे हे कोणासही जमण्याजोगे आहे. सव्वीस जानेवारीला ध्वजापाशी ज्याचा सत्कार होतो, त्याच्यासोबत एरवी दवाखान्याची पायरी चढणारा कोणी असावा, एवढीच अपेक्षा आहे.