दुर्बिणीच्या टेबलाजवळून

छातीविकार विभागात सिस्टर म्हणून काम करते. ब्रॉन्कोस्कोपीच्या, म्हणजे दुर्बिणीची नळी घालून श्वासमार्ग तपासण्याच्या, वेळी माझी जागा पेशंटच्या उशाशी. तिथे उभं राहून कळलेल्या या गोष्टी.

१. नातेवाईक विचारतात, “दुखेल का हो?” पेशंटला धास्ती असते ती श्वास कोंडण्याची. म्हणून मी आधी नळीच दाखवते. जाडी ५-६ मिलिमीटर. मोठ्या माणसाची श्वासनलिका साधारण दीड सेंटीमीटर रुंद. “मावशी, बाजूने हवा जायला जागा राहते.” शिगेतो इकेदा या जपानी डॉक्टरांनी १९६६ साली लवचीक दुर्बीण आणली. त्याआधी धातूची सरळ नळी घालत. लोकांच्या मनातली भीती अजून त्या नळीचीच आहे.

२. लिग्नोकेनचा स्प्रे कडूजहर लागतो. मग घसा बधिर होतो आणि आवंढा गिळताच येत नाही असं वाटतं. आधी कल्पना दिली नसेल तर भलेभले उठून बसतात. “घशात गोळा अडकल्यासारखं वाटलं की समजा, औषध लागू पडलं,” एवढं सांगितलं तरी पुरतं.

३. नळी स्वरयंत्रातून जाते, त्यामुळे बोलणं बंद. तेव्हा खूण ठरवायची: हात वर केला की डॉक्टर थांबतील. आणि खरंच थांबायला हवं! एका काकांनी सुरुवातीलाच हात उचलला, तोही निव्वळ खात्री करायला. डॉक्टर थांबले. पुढे काकांचा हात मांडीवरून हलला नाही.

४. गुंगीचं इंजेक्शन दिलं म्हणजे पेशंटला ऐकू येत नाही असं नव्हे. स्क्रीनकडे बघून “अरे बापरे” म्हणणाऱ्याला मी खोलीबाहेर काढते, मग तो शिकाऊ डॉक्टर का असेना.

५. खोकला येणारच. त्यावरून पेशंटला रागावू नये.

६. सहा तासांच्या उपासानंतर पहिली मागणी चहाची. घसा बधिर असताना चहा श्वासनलिकेत जाऊ शकतो, म्हणून तास-दोन तास थांबून आधी घोटभर पाणी. बायोप्सीनंतर थुंकीत रक्ताची रेघ, संध्याकाळी थोडी कणकण चालते. रक्त जास्त पडलं किंवा धाप लागली तर तडक परत यायचं. गुंगी दिली असेल तर २४ तास गाडी चालवायची नाही.

७. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तपासणीची तारीख घेतानाच सांगा. टेबलावर आडवं झाल्यावर आठवली, तर बायोप्सी पुढे ढकलावी लागते आणि सगळा उपास पुन्हा.