मुळावर आलेले फूल

ज्वारीच्या शेतात उगवणारा टारफुला तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. तो ज्वारीच्या मुळांना चिकटून तिचे अन्नपाणी शोषतो. तरी त्याची पाने हिरवी असतात; थोडे अन्न तो स्वतः तयार करतो. त्याच्याच कुलातील ब्रूमरेप या वनस्पती तेवढीही तसदी घेत नाहीत. त्यांच्यात हरितद्रव्यच नसते!

ब्रूमरेपची एक दुर्मिळ जात ब्रिटनमध्ये फक्त यॉर्कशायर परगण्यात सापडते. तेथे मॅग्नेशियमयुक्त चुनखडीचा एक अरुंद पट्टा उत्तर-दक्षिण पसरला आहे. (यॉर्कचे प्रसिद्ध कॅथेड्रल याच दगडाचे.) व्हार्फ, निड, यूर या नद्या हा पट्टा ओलांडतात. या भागातील नदीकाठच्या गवतात थिसल नावाची काटेरी झाडे वाढतात. ती आपल्या उटकटाऱ्याची भाऊबंद. त्यांच्या मुळांवर जगते ती थिसल ब्रूमरेप. शास्त्रीय नाव ओरोबँकी रेटिक्युलाटा.

आता ही ओळखायची कशी? जून ते ऑगस्टमध्ये गवतातून एक पिवळट-जांभळट दांडा वर आलेला दिसतो. उंची १५ ते ७० सेंटिमीटर. पानांच्या जागी नुसते खवले. प्रथमदर्शनी वाळकी काडीच वाटते. शेजारी थिसल आहे ना, मग झाले, असे म्हणू नका. जमिनीखाली दहा झाडांची मुळे एकमेकांत गुंतलेली असतात; क्लोव्हरवर जगणारी साधी ब्रूमरेपही थिसलशेजारी उगवू शकते. खणून पाहावे, तर झाड मरते. शिवाय १९८१ च्या वन्यजीव कायद्याने ती उपटणेच काय, तिचे फूल तोडणेही गुन्हा आहे.

तेव्हा गुडघे टेकावे आणि भिंग काढावे. फुलाच्या नळीवर गडद जांभळ्या ग्रंथींचे बारीक ठिपके विखुरलेले दिसले, तर ती आपली थिसल ब्रूमरेप. साध्या ब्रूमरेपवर असे गडद ठिपके नसतात. मग फुलाच्या तोंडातून कुक्षी पाहा. ती जांभळी हवी. पिवळी असेल तर ती नॅपवीडच्या मुळांवर जगणारी दुसरी जात समजावी. माझ्या मते ठिपक्यांची खूण सर्वांत भरवशाची. फूल सुकले, की रंगाची खूण हाती राहत नाही.

तिचे बी धुळीसारखे बारीक. शिदोरी जवळजवळ नाहीच, म्हणून ते यजमानाची चाहूल लागल्याशिवाय रुजत नाही. वनस्पतींच्या मुळांतून स्ट्रिगोलॅक्टोन नावाची द्रव्ये झिरपतात. ती असतात उपयोगी बुरशीला बोलावण्यासाठी, पण हे बोलावणे परोपजीवीही ऐकतो! या गटातील पहिले द्रव्य १९६६ मध्ये कपाशीच्या मुळांतून मिळाले. त्याला नाव मिळाले ते आपल्या टारफुल्यावरून, कारण टारफुल्याचे शास्त्रीय नाव स्ट्रायगा.

म्हणजे थिसल गेले की ही जातही गेली. आणि पंचाईत अशी, की तिला आधार देणाऱ्या थिसलांपैकी रांगते थिसल तेथे १९५९ च्या तणविषयक कायद्याने उपद्रवी तण ठरवलेले आहे. एक कायदा तिला जपायला सांगतो, तर दुसरा तिच्या यजमानाला आवर घालायला.