मशीन घेण्याआधी हूप मोजा

निजामाबाद आणि बोधन आम्हा बिलोलीकरांना नांदेडपेक्षा जवळ. तिकडच्या लग्नांतले मग्गम वर्कचे, म्हणजे फ्रेमवर आरीनं भरलेले, ब्लाउज सोयरिकींबरोबर इकडं आले आणि इथलेच झाले. पूर्वी नवरीचं एक ब्लाउज भरलेलं असलं की पुरे व्हायचं. आता करवलीला, मामीला, नवरदेवाच्या आईलाही पाठीवर काम लागतं. शिवणकाम करणाऱ्या बाईच्या मनात मग येतंच, की हे काम बाहेर पाठवण्यापेक्षा घरीच मशीन घ्यावी. माझ्याही मनात आलं आणि मी घेतली. तेव्हापासून बचत गटातल्या, शेजारच्या गावांतल्या बाया चार पैसे जमले की येतात आणि विचारतात, "अक्का, कोणती घेऊ?" त्यांच्यापैकी काहींचे पैसे मी बुडताना पाहिले आहेत, म्हणून हे लिहिते आहे.

सगळ्यात जास्त फसगत नावातच होते. दहा-वीस हजारांत मिळणारी, अंगावर टाक्यांची चित्रं छापलेली पांढरी मशीन दुकानात एम्ब्रॉयडरीची म्हणून दाखवतात. ती असते ऑटोमॅटिक झिगझॅग. पिको, काज, ॲप्लिक, काठाला शोभेचा टाका ही कामं ती छान करते आणि शिवणाऱ्या बाईच्या घरात ती असावीच. पण ती आपोआप फूल भरत नाही. तिच्यावर भरतकाम करायचं तर दाते खाली घेऊन, रिंगमध्ये कापड ताणून आपल्या हातानं फिरवावं लागतं, आणि तो हात बसायला काही महिने जातात. खरी कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरी मशीन ओळखायची खूण सोपी आहे. तिची हूप, म्हणजे कापड ताणायची चौकट, एका सरकत्या पट्टीला अडकते आणि मशीन ती हूप स्वतः मागंपुढं, डावीउजवीकडं हलवते. हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पैसे मोजू नका.

आता हूप. माझ्या मते सगळा निर्णय इथंच आहे. दुकानदार तुम्हाला सांगेल, आत इतकी डिझाइनं आहेत, इतके अक्षरांचे प्रकार आहेत. ती डिझाइनं बहुतेक फुलपाखरं, ससे, इंग्रजी अक्षरं अशी असतात. बिलोलीत त्यांचं गिऱ्हाईक किती? तुम्ही टेप घेऊन जा. कमी किमतीच्या बऱ्याच घरगुती मशीनमध्ये भरण्याची जागा 100 बाय 100 मिलिमीटर असते, म्हणजे चार इंच. त्यावरची पायरी 130 बाय 180. आता आपल्या ब्लाउजची पाठ आठवा. खोल गळा नऊ-दहा इंच खाली जातो, रुंदी सात-आठ इंच. चार इंचांच्या हूपमध्ये हे काम तुकड्या-तुकड्यानं करावं लागतं. दर वेळी कापड काढा, पुन्हा ताणा, खुणा जुळवा. एक खूण सुताभर हलली तरी वेलीचा देठ तुटलेला दिसतो, आणि रेशमी कापडावर उसवलं की भोकं राहतात. गटातल्या एका बाईनं हप्त्यानं अशी छोटी मशीन घेतली. पहिल्या नवरीचं ब्लाउज आलं तेव्हा तिला कळलं, की हवं ते डिझाइन मशीन पडद्यावर दाखवतसुद्धा नाही, कारण ते हूपपेक्षा मोठं आहे. मशीनमध्ये दोष काहीच नव्हता. ती रुमालांची, झबल्यांची मशीन होती.

130 बाय 180 मध्ये कमी खोल गळ्याचा अर्धा भाग एकदा आणि उरलेला उलटा आरसा करून दुसऱ्यांदा, असं जमवता येतं. सवय झाली की नीट येतं. मोठी हवी तर उषा जानोमेची मेमरी क्राफ्ट 450ई आहे, तिची जागा 200 बाय 280 मिलिमीटर. पाठीच्या गळ्याचं बरंचसं काम त्यात एकदाच बसतं, पण किंमत लाखाच्या आसपास जाते. भाव सारखे बदलतात, म्हणून मी आकडा घट्ट सांगत नाही. मात्र ब्लाउजच करायचे असतील तर चार इंचांची मशीन स्वस्त मिळाली म्हणून घेऊ नका. थांबा, पैसे जमवा, आणि तोवर आरी शिका. आरीची सुई आणि लाकडी फ्रेम फार थोड्या पैशांत येते. तिच्यावर हात बसला की कोणतं काम दाट, कोणतं विरळ, जरी कुठं दबते आणि कुठं तुटते, हे बोटांना कळतं. पुढं मशीनवर डिझाइन निवडताना तेच उपयोगी पडतं.

वेळेचा हिशोबही आधी करावा. भरलेल्या गळ्याला आणि दोन बाह्यांना मिळून 60,000 टाके सहज लागतात. मिनिटाला 600 टाके धरले तर नुसती सुई चालण्याची 100 मिनिटं झाली. घरगुती मशीनला सुई एकच. प्रत्येक रंगाला ती थांबते, तुम्ही दोरा बदलता, पुन्हा सुरू करता. जरीचा दोरा असला की वेग कमी करावा लागतो, नाहीतर तो सोलवटतो. बॉबिन संपते, खालचा पेपर सुटतो. म्हणजे एका ब्लाउजला अर्धा दिवस धरा. शहरातल्या बहुसुईच्या मशीनवाल्याशी भावात बरोबरी करायला गेलात तर दमून जाल. त्याच्याकडं जे होत नाही ते घ्या: एकच नग, उद्या हवा, बारशाच्या दुपट्यावर बाळाचं नाव, मराठी अक्षरांत.

मराठी अक्षरं म्हटली की पंचिंगचा प्रश्न येतो. मशीन फोटो वाचत नाही. चित्राचे टाके करून द्यावे लागतात, त्यालाच या धंद्यात पंचिंग म्हणतात. ब्रदरच्या मशीनला पीईएस फाइल लागते, जानोमेला जेईएफ, आणि मोठ्या कारखान्यांत डीएसटी चालते. डीएसटीमध्ये रंगांची नोंद नसते, त्यामुळे पडद्यावर दिसणारे रंग भलतेच असले तर घाबरू नका. तयार डिझाइनं विकत मिळतात, पण ती बहुतेक मोठ्या मशीनच्या मापानं केलेली असतात. नुसती लहान केली की टाके एकावर एक चढतात आणि सुई मोडते. इंक/स्टिच नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे. घरात कॉलेजला जाणारं कुणी असेल तर त्याला महिनाभर यात बसवा. मराठी नावं घरच्या घरी पंच करता आली, की निम्मं गिऱ्हाईक तिथंच जोडलं जातं.

दुरुस्तीबद्दल मात्र मला पोटतिडकीनं सांगायचं आहे. माझी पहिली मशीन एका मोठ्या शहरातल्या दुकानातून आणलेली. ऐन वैशाखात, हूपमध्ये नवरीची बाही ताणलेली असताना, वीज दोनदा आली-गेली आणि पडदा काळा पडला. बोर्ड गेला होता. दुकानदार फोनवर म्हणाला, "पाठवून द्या." पाठवली. ती परत आली तोवर पाऊस पडून पेरण्या उरकल्या होत्या आणि लग्नांचा हंगाम हातचा गेला होता. ती बाही मी रात्री बसून आरीनं पुरी केली. म्हणून कुणी विचारलं की माझा पहिला प्रश्न असतो, बिघडली तर बघणार कोण? नांदेडला किंवा निजामाबादला त्या कंपनीचा मेकॅनिक आहे का, त्याच्याशी मशीन घेण्याआधी स्वतः बोला. सुटे भाग किती दिवसांत येतात ते विचारा. पक्कं बिल आणि वॉरंटीचं कार्ड शिक्क्यासह घ्या.

याच कारणानं मी पहिल्यांदा मशीन घेणाऱ्या बाईला बहुसुईची, कारखानी मशीन घेऊ नका म्हणते, कितीही सोप्या हप्त्यांत मिळत असली तरी. एका सुईची घरगुती मशीन दहा-बारा किलोच्या आत-बाहेर असते. ती खोक्यात बांधून एसटीत घेऊन बसता येते, आणि 2023 पासून महाराष्ट्रात आपल्या बायकांना तिकीटही अर्धंच आहे. कारखानी मशीन जागची हलत नाही. मेकॅनिक घरी बोलवावा लागतो आणि बिलोलीला यायचं म्हटलं की तो उद्या-परवा करतो.

विजेचं आमच्याकडं माहीतच आहे. घरगुती मशीन जेमतेम पंख्याएवढी वीज खाते, त्यामुळं इन्व्हर्टरवर आरामात चालते. पण इन्व्हर्टर साइन वेव्हचा असावा आणि घराचं अर्थिंग नीट करून घ्यावं. ढग गडगडायला लागले की पिनच काढून ठेवा. दुकानात डेमो चालू असताना मधेच स्विच बंद करायला लावा, पुन्हा चालू केल्यावर मशीन सोडल्या टाक्यापासून उचलते का ते बघा. दुकानदाराला राग आला तर येऊ द्या.

पैशाचं म्हणाल तर, 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत शिंपीकाम बसतं. साहित्यासाठी 15,000 रुपयांपर्यंतचं ई-व्हाउचर आणि प्रशिक्षणानंतर पहिल्या टप्प्यात 5 टक्के व्याजानं एक लाखापर्यंत विनातारण कर्ज, फेड 18 महिन्यांत. त्या 15,000 मध्ये एम्ब्रॉयडरी मशीन येत नाही, झिगझॅग येऊ शकते. आणि एक लाख घेतले तर हप्ता महिन्याला पावणेसहा हजारांच्या घरात जातो. आषाढी ते कार्तिकी लग्नं नसतात, हप्ता असतो. त्या चार महिन्यांत काय विकणार, हे कर्जाच्या अर्जाआधी वहीत लिहून काढा: शाळेच्या गणवेशावरचे बिल्ले, पोळ्याच्या झुली, महालक्ष्म्यांच्या साड्यांचे ब्लाउज, नवरात्रातली खणाची कामं. वहीची पानं कोरी राहिली तर कर्ज घेऊ नका.

जुनी मशीन घ्यायला माझी हरकत नाही, पण विकणाऱ्याच्या घरी जाऊन, आपलं कापड, आपला दोरा घेऊन. रेशमाच्या कापडावर दाट भरलेलं एक पान काढायला लावा आणि कापड उलटं करून बघा. मागच्या बाजूला दोऱ्याचे गुंते असतील तर ताण किंवा हुक बिघडलंय. पुष्कळ मशीनच्या सेटिंगमध्ये आजवर मारलेल्या एकूण टाक्यांचा आकडा दिसतो. तो उघडून दाखवायला विकणारी का-कू करत असेल, तर चहा घ्या आणि निघा.