विद्यार्थ्यांचें वाक्स्वातंत्र्य : कांहीं देशांच्या शाळांचा तौलनिक विचार

"हाताची घडी, तोंडावर बोट" ही आज्ञा ज्यानें बालपणीं ऐकिली नाहीं असा मनुष्य महाराष्ट्रांत विरळाच सांपडेल. वर्गांत पन्नास-साठ मुलें बसलीं असतां शिक्षकांचा आवाज शेवटच्या बांकापर्यंत पोंचावयाचा, तर कांहीं काळ शांतता हवीच. तेव्हां त्या आज्ञेंत मुळांतच दोष आहे असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु पुष्कळ वेळां असें होतें कीं, घडी सुटते, बोटही खालीं येतें, तरी तोंड मात्र मिटलेलेंच राहतें. शंका मनांत उठते आणि मनांतच मावळते. ही शांतता शिस्तीची नव्हे, भीतीची होय. शिस्तीच्या शांततेंत विद्या वाढते; भीतीच्या शांततेंत फक्त पाठांतर वाढतें. शाळेंत विद्यार्थ्यानें काय बोलावें, किती बोलावें आणि त्याचें बोलणें कोणीं ऐकावें, या प्रश्नांस निरनिराळ्या राष्ट्रांनीं कोणतीं उत्तरें दिलीं, तें थोडक्यांत पाहावें व त्यांवरून आपणांस काय घेतां येईल याचा विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

परदेशांकडे वळण्यापूर्वीं आपल्या घरापासून आरंभ करणें बरें. विद्यार्थ्यांनीं बोलावें कीं बोलूं नये, हा प्रश्न आपल्याकडे कांहीं आज उपस्थित झालेला नाहीं. १८४८ सालीं मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधील विद्यार्थी व तरुण शिक्षक यांनीं निबंध वाचण्यासाठीं व त्यांवर चर्चा करण्यासाठीं एक सभा स्थापन केली. पुढें राष्ट्राचे पितामह म्हणून मान्यता पावलेले दादाभाई नौरोजी हे त्या मंडळींत होते. स्त्रीशिक्षणाविषयीं बोलतां बोलतां ही मंडळी बोलण्यावरच थांबली नाहीं. १८४९ सालीं त्यांनीं मुंबईंत मुलींच्या शाळा काढल्या, आणि आरंभीं स्वतःचा वेळ देऊन तेथें विनावेतन शिकविलें. मोकळी चर्चा म्हणजे रिकामी बडबड, असें समजणाऱ्यांनीं हें उदाहरण ध्यानांत ठेवावें.

याहूनही बोलकें उदाहरण पुण्याचें आहे. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं चालविलेल्या शाळेंत मुक्ता साळवे नांवाची मांग जातीची एक मुलगी शिकत होती. तिनें मांग व महार यांच्या दुःखाविषयीं एक निबंध लिहिला, आणि तो १८५५ सालच्या फेब्रुवारी व मार्च महिन्यांत 'ज्ञानोदय' पत्रांत छापून आला. हें पत्र अमेरिकन मिशनऱ्यांनीं १८४२ सालीं अहमदनगर येथें सुरू केलें होतें. ज्या ग्रंथांवर आमचा अधिकार नाहीं असें तुम्ही सांगतां, त्या ग्रंथांचा धर्म आमचा कसा, असा सवाल या मुलीनें निर्भयपणें केला. प्रसूतीच्या वेळीं अंगावर छप्पर नसलेल्या आपल्या जातीच्या स्त्रियांचे हाल तिनें वर्णिले, आणि शेवटीं आपल्या लोकांस विद्या शिकण्याविषयीं कळकळीची विनंती केली. ज्या समाजाच्या सावलीचाही विटाळ मानीत, त्या समाजांतील एका शाळकरी मुलीचे हे शब्द आहेत, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्यांचें मोल कळतें.

मुक्तेस बोलतां कां आलें, याचा विचार केला तर तीन कारणें दिसतात. पहिलें, तिला अक्षरें आलीं व तीं तिच्या स्वतःच्या भाषेंत आलीं. दुसरें, खरें बोललें तर शिक्षा होईल ही भीति तिच्या गुरुजनांनीं तिच्या मनांतून काढून टाकिली. तिसरें, तिनें लिहिलेलें ऐकून घेणारा व छापणारा कोणी तरी भेटला. भाषा, निर्भयता आणि श्रोता या तिहींपैकीं एकही नसतें, तर तो निबंध आज आपल्यापुढें नसता. हीच कसोटी हातीं घेऊन आतां इतर उदाहरणें पाहूं.

प्रथम जेथें ही कसोटी उतरली नाहीं तीं उदाहरणें. आपल्याच देशांत १९०७ सालीं हिंदुस्थान सरकारचे अधिकारी रिस्ले यांच्या सहीनें एक परिपत्रक निघालें. राजकीय सभांत व चळवळींत विद्यार्थ्यांनीं भाग घेऊं नये, आणि ज्या शाळा हें मोडतील त्यांचें अनुदान व मान्यता धोक्यांत येईल, असा त्याचा आशय होता. 'वंदे मातरम्' असा घोष करणेंही त्या काळीं विद्यार्थ्यांस महाग पडे. राष्ट्रीय शिक्षण देणारें तळेगांवचें समर्थ विद्यालय तर सरकारनें १९१० सालीं बंदच पाडलें. जपानांत १८९० सालीं शिक्षणाविषयीं बादशाही आज्ञापत्र निघालें, व शाळाशाळांतून त्यास वंदन करण्याची प्रथा पडली. १८९१ सालच्या जानेवारींत तोकियो येथील एका उच्च शाळेंतील उचिमुरा कांझो नांवाच्या शिक्षकानें त्या आज्ञापत्रापुढें पुरेसें वांकून नमन केलें नाहीं, एवढ्यावरून गहजब झाला व त्यास नोकरी सोडावी लागली. जेथें शिक्षकाचीच ही गत, तेथें विद्यार्थ्यानें शंका कोणापाशीं काढावी? तें आज्ञापत्र जपानी लोकसभेनें १९४८ सालीं रद्द ठरविलें, परंतु तोंपर्यंत एक महायुद्ध होऊन गेलें होतें. जर्मनींतही १९३३ नंतर शाळा राज्यकर्त्या पक्षाच्या दावणीस बांधल्या गेल्या आणि मुलांस प्रश्नांऐवजीं घोषणा शिकविण्यांत आल्या. या दोन्ही देशांत शाळांची संख्या थोडी नव्हती, शिस्त ढिली नव्हती, साक्षरताही मोठी होती. अक्षरें होतीं, निर्भयता मात्र नव्हती. केवळ साक्षरतेनें राष्ट्र शहाणें होत नाहीं, हा धडा त्यांनीं फार मोठी किंमत देऊन जगास शिकविला.

या अनुभवानें जर्मन शिक्षक जागे झाले. १९७६ सालीं बॉइटेल्सबाख या गांवीं तेथील शिक्षणतज्ज्ञांची एक परिषद भरली, आणि तींतून तीन नियम पुढें आले. शिक्षकानें आपलें मत विद्यार्थ्यांवर लादून त्यांची स्वतंत्र निर्णयशक्ति हिरावून घेऊं नये, हा पहिला नियम. विद्वानांत व राजकारणांत जो विषय वादाचा आहे, तो वर्गांतही वादाचा म्हणूनच मांडावा, हा दुसरा. आणि विद्यार्थ्यास परिस्थितीचा व तींतील स्वतःच्या हिताचा विचार करतां यावा, हा तिसरा. हा कांहीं कायदा नव्हे, संकेत होय. तथापि तो त्या देशांत सर्वत्र मान्य झाला आहे. येथें विद्यार्थ्याच्या स्वातंत्र्याचें रक्षण शिक्षकाच्या संयमानें केलें आहे, हें विशेष.

अमेरिकेनें निराळा मार्ग धरिला. तेथें हा प्रश्न न्यायालयांत सुटला. शाळेंत ध्वजास वंदन करण्यास धार्मिक कारणास्तव नकार देणाऱ्या मुलांस शाळेंतून काढीत असत. १९४० सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें शाळांच्या बाजूनें निकाल दिला. पण अवघ्या तीन वर्षांनीं, १९४३ सालीं, ऐन महायुद्धांत, त्याच न्यायालयानें आपला निर्णय फिरविला आणि मुलांवर अशी सक्ति करतां येणार नाहीं असें ठरविलें. पुढें १९६५ सालीं आयोवा संस्थानांतील डे मॉइन या शहरीं कांहीं विद्यार्थी व्हिएतनामच्या युद्धाविरुद्ध दंडावर काळ्या पट्ट्या बांधून शाळेंत गेले, म्हणून त्यांस घरीं पाठविण्यांत आलें. त्यांत मेरी बेथ टिंकर ही तेरा वर्षांची मुलगी होती. १९६९ सालीं न्यायालयानें सात विरुद्ध दोन मतांनीं विद्यार्थ्यांच्या बाजूनें निकाल दिला. शाळेच्या आंत पाऊल टाकल्यानें विद्यार्थ्याचा मतस्वातंत्र्याचा हक्क नाहींसा होत नाहीं. मात्र त्याच्या वागण्यानें शाळेच्या कामांत मोठा व्यत्यय येत असेल किंवा इतरांच्या हक्कांस बाध येत असेल, तर शाळेस तें थांबवितां येईल, असें त्या निकालाचें तात्पर्य आहे. स्वातंत्र्य आणि त्याची मर्यादा हीं एकाच निकालांत कशीं बसविलीं, हें पाहण्यासारखें आहे.

फ्रान्सची तऱ्हा आणखी वेगळी. तेथें शाळेच्या अखेरच्या परीक्षेंत सामान्य शाखेच्या विद्यार्थ्यांस तत्त्वज्ञानाचा चार तासांचा पेपर सोडवावा लागतो. एखादा व्यापक प्रश्न घेऊन त्याच्या निरनिराळ्या बाजू मांडावयाच्या व युक्तिवादानें निष्कर्षास यावयाचें, अशी ती परीक्षा आहे. १९८९ च्या शिक्षणविषयक कायद्यानें तेथील विद्यार्थ्यांस मतप्रकटनाचें स्वातंत्र्य दिलें. परंतु २००४ च्या कायद्यानें सरकारी शाळांत ठळक धार्मिक चिन्हें धारण करण्यास बंदी घातली. एका पक्षास हा समतेचा रक्षक वाटतो, दुसऱ्यास स्वातंत्र्याचा संकोच. म्हणजे विचार कसा मांडावा हें शिकविण्यांत जो देश अग्रेसर, त्याच देशांत काय धारण करून शाळेंत यावें यावर मोठा निर्बंध आहे. कोणत्याही एका देशाची पद्धति जशीच्या तशी उचलावी असें यावरून वाटत नाहीं. अमेरिकेपासून हक्काची जाणीव घ्यावी, जर्मनीपासून शिक्षकाचा संयम घ्यावा, फ्रान्सपासून युक्तिवादाचा अभ्यास घ्यावा, आणि मग आपल्या घरची परिस्थिति पाहावी.

आपल्या घरीं कायदा दुबळा नाहीं. १९८५ सालीं केरळांत राष्ट्रगीताच्या वेळीं आदरानें उभीं राहणारीं, पण धर्मश्रद्धेमुळें तें न गाणारीं तीन भावंडें शाळेंतून काढण्यांत आलीं. ११ ऑगस्ट १९८६ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें त्यांस शाळेंत परत घेण्याचा हुकूम केला. न्यायमूर्ति चिन्नप्पा रेड्डी यांनीं त्या निकालांत आपल्या परंपरेच्या व राज्यघटनेच्या सहिष्णुतेचा दाखला दिला आहे. १९८९ सालीं संयुक्त राष्ट्रसंघानें बालहक्कांचा जो करार केला, त्यांत मुलांस आपलें मत सांगण्याचा हक्क मान्य केला असून, भारतानें तो १९९२ सालीं स्वीकारला. आणि १ एप्रिल २०१० पासून अमलांत आलेल्या शिक्षण हक्काच्या कायद्यानें शाळेंत मारहाण व मानसिक छळ यांस मनाई केली. इतकेंच नव्हे तर मुलांस भयमुक्त करून त्यांचीं मतें मोकळेपणानें मांडण्यास साह्य करावें, आणि शक्य तेथवर शिक्षण मातृभाषेंतून द्यावें, असेंही सांगितलें. कायद्यानें निर्भयतेचें वचन दिलें. भाषा आणि श्रोता या दोन गोष्टी मात्र केवळ कायद्यानें मिळत नाहींत. त्या गांवानें, घरानें व शाळेनें द्यावयाच्या असतात.

येथें आपल्या भिवंडीचा प्रश्न येतो. ही मागांची नगरी आहे. येथें आगरी व कुणबी यांचीं घरें आहेत, कोंकणी मुसलमानांचे जुने मोहल्ले आहेत, उत्तरेकडून आलेले विणकर आहेत, तेलंगणांतून आलेले पद्मशाली आहेत. एकाच गल्लींत मराठी, उर्दू, हिंदी व तेलुगु कानीं पडतात. मागांच्या खडखडाटांत मोठ्यानें बोलण्याची संवय असलेल्या घरांतील मूल वर्गांत आलें कीं पुटपुटूं लागतें. कारण काय? घरची बोली निराळी, पुस्तकाची भाषा निराळी, आणि पुष्कळ शाळांतून शिकविण्याची भाषा तिसरीच. प्रश्न मनांत तयार असतो, पण तो मांडावयास शब्द सांपडत नाहींत; आणि धीर करून आपल्या बोलींत विचारलाच, तर बांकाबांकावरून हंशा पिकतो. तो हंशा कोणत्याही परिपत्रकापेक्षां अधिक परिणामकारक रीतीनें तोंड बंद करतो. एकदां हंसें झालेलें मूल पुन्हां वर्षभर हात वर करीत नाहीं. त्या मुलास राज्यघटनेनें दिलेलें स्वातंत्र्य त्याच्या सोबत्यांनींच काढून घेतलें, असें म्हणावयास काय हरकत आहे?

म्हणून विद्यार्थिमित्रांनो, पहिलें कर्तव्य तुमचें आहे. दुसऱ्याच्या बोलीस हंसूं नका. त्याचा प्रश्न पुरा होऊं द्या, आणि त्यास शब्द अडला तर तो पुरवा. स्वतः मत मांडतांना "मला असें वाटतें" येवढ्यावर थांबूं नका, "कां वाटतें" तेंही सांगा. कारणाशिवाय मत म्हणजे धाग्याशिवाय धोटा. तो कितीही वेळां इकडून तिकडे फिरला तरी कापड होत नाहीं. आणि शिवीगाळ, कुचेष्टा वा कोणाच्या धर्माची निंदा यांस वाक्स्वातंत्र्याचें नांव देऊं नका. त्यानें एकाचें तोंड उघडतें आणि दहांचें मिटतें.

पालकांस विनंति अशी कीं, मूल संध्याकाळीं घरीं आल्यावर किती गुण पडले एवढेंच न विचारतां, आज वर्गांत कोणत्या गोष्टीची चर्चा झाली, हेंही विचारावें. ज्यांस स्वतःस शाळा पाहावयास मिळाली नाहीं अशा मातापित्यांनाही हें करतां येतें. ऐकून घेण्यास साक्षरता लागत नाहीं. घरीं ज्याचें ऐकिलें जातें, तें मूल शाळेंत धीटपणें बोलतें. शिक्षकांस सांगण्याचा अधिकार आमचा नाहीं. तथापि एखाद्या शंकेस "मला आतां आठवत नाहीं, उद्यां पाहून सांगतों" असें उत्तर देणारे शिक्षक विद्यार्थ्यांच्या मनांतून कधींही उतरत नाहींत, उलट चढतात, येवढें नमूद करावेंसें वाटतें.

मुक्ता साळवे हिच्या निबंधास जसें एक पत्र मिळालें, तशीं प्रत्येक शाळेच्या वार्षिकाचीं पानें तिच्या विद्यार्थ्यांस मिळालेलीं आहेत. त्यांवर गोड गोड वर्णनें तर यावींतच; पण आपल्या गल्लींतील पाण्याविषयीं, मागावर राबणाऱ्या वडिलांविषयीं, शाळा सोडावी लागलेल्या मैत्रिणीविषयीं कोणास कांहीं खरें सांगावयाचें असेल, तर तेंही यावें. शुद्धलेखन मागाहून सुधारतां येतें. आधीं लिहा.