सुपर चॅटची सलगी

चिरंजीव अनिकेत यास अनेक उत्तम आशीर्वाद.

ज्याच्या आवडीनिवडी, दुखणीखुपणी आणि घरातल्या मांजराचे नावही प्रेक्षकाला ठाऊक असते, पण ज्याला त्या प्रेक्षकाचा पत्ताही नसतो, अशा व्यक्तीविषयी वाटणाऱ्या जवळिकीला समाजशास्त्रात पॅरासोशल, म्हणजे एकतर्फी सामाजिक, नाते म्हणतात. डोनाल्ड हॉर्टन आणि आर. रिचर्ड वोल या अमेरिकी अभ्यासकांनी १९५६ साली ही कल्पना मांडली. त्यांच्या उदाहरणांपैकी एक रेडिओवरचे होते : ‘लोनसम गॅल’ या कार्यक्रमात एक निनावी स्त्री एकट्या पुरुषांशी लाडिक स्वरात बोलत असे आणि तिला लग्नाची मागणी घालणारी हजारो पत्रे येत. अशी ओढ मुळातच विकृत असते, असे मात्र या दोघांनी म्हटले नाही. प्रत्यक्ष माणसांतल्या वावराची जागा ती घेऊ लागली, तरच तिला रोग म्हणावे, असे त्यांचे मत होते, आणि तरुणांना दोष देण्याची घाई झालेल्या वडीलधाऱ्यांनीही ते ध्यानात घ्यावे.

स्ट्रीमिंगने, म्हणजे इंटरनेटवरील थेट प्रक्षेपणाने, या जुन्या नात्यात जी भर घातली, तिच्यातच खरी मेख आहे. रेडिओ उत्तर देत नसे. स्ट्रीमर देतो, पण बहुधा पैसे मोजणाऱ्याला. यूट्यूबने २०१७ मध्ये आणलेल्या सुपर चॅटमध्ये, म्हणजे पैसे भरून पाठवायच्या संदेशात, रक्कम जितकी मोठी, तितका वेळ संदेश चॅटच्या माथ्यावर टिकतो, स्ट्रीमर पाठवणाऱ्याचे नाव मोठ्याने वाचतो, आणि हजारोंच्या गर्दीत आपली दखल घेतली गेल्याचे समाधान त्या प्रेक्षकाला लाभते. ते समाधान खोटे नसते, पण विकतचे असते, आणि याचा विसर पडला की प्रेक्षकाला ती दखल आपला हक्क वाटू लागते. मग स्ट्रीमरने लग्न ठरल्याचे सांगितले किंवा दुसऱ्या कोणाचे नाव अधिक प्रेमाने घेतले, तरी तो विश्वासघात ठरतो. मार्च २०२५ मध्ये टोकियोच्या ताकादानोबाबा भागात रस्त्यावरून थेट प्रक्षेपण करणाऱ्या तरुणीचा भोसकून खून झाला. अटक झालेला पुरुष तिचा प्रेक्षक होता आणि तिला उसने दिलेले पैसे परत मिळाले नाहीत, अशी त्याची तक्रार होती. इतक्या टोकाला फार थोडे जातात. पण स्ट्रीमरच्या घराचा पत्ता हुडकणारे आणि त्याच्या जोडीदाराला शिव्या घालणारे याच वाटेवर असतात.

स्ट्रीमरही मोकळा नसतोच. चार दिवस गैरहजर राहिला की प्रेक्षक पांगतात, म्हणून दुःखातही सुट्टी न घेता त्याला ते प्रक्षेपणातच मांडावे लागते, आणि त्यातून ही सलगी आणखी वाढते.

चिरंजीवाने ही प्रक्षेपणे पाहणे सोडावे, असे मुळीच नाही. सुपर चॅटसाठी महिन्याची रक्कम मात्र आधीच ठरवावी, ती नाटकाच्या तिकिटासारखी खर्ची टाकावी, स्ट्रीमरला पैसे कधीही उसने देऊ नयेत, आणि मन खचले असता ते चॅटमध्ये लिहिण्याआधी वसतिगृहातल्या सोबत्याला किंवा घरी फोन करून सांगावे, कारण चॅटमधली ओळ काही सेकंदांत दिसेनाशी होते.

कळावे, हे आशीर्वाद.