मंदिरातील कमळ आणि घरातील तबक

बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती इ. स. १२०४ मध्ये रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बीचिराज याने बांधविली. तिच्या मंडपात मान वर केली की छतातून खाली उमललेले पाषाणाचे कमळ दिसते. त्याच्या पाकळ्यांत भूत, वर्तमान व भविष्य अशा तिन्ही काळांचे मिळून ७२ तीर्थंकर कोरलेले आहेत.

हे कमळ पितळी तबकावर उतरवावे, असे आम्हांस वाटले. त्यात झालेली चूक प्रांजळपणे सांगतो. कमळाबरोबर आम्ही जिनप्रतिमाही उठविल्या. तबके विक्रीस मांडताच एका वृद्ध बाईंनी विचारले, "अहो, हे चिंचेने घासताना मूर्तीवरून हात कसा फिरवू?" आम्हांस उत्तर सुचले नाही. सर्व तबके विक्रीतून काढून घेतली. नुकसान सोसले, पण धडा मिळाला.

तो धडा असा की, मंदिरातील सर्व रूपे एका दर्जाची नसतात. जिनप्रतिमा पूज्य आहे. तिचे स्थान देव्हाऱ्यात. दिगंबर परंपरेतील भृंगार, कलश, दर्पण, चामर, ध्वज, व्यजन, छत्र व सुप्रतिष्ठ, तसेच श्वेतांबर परंपरेतील स्वस्तिक, श्रीवत्स, नंद्यावर्त आदी अष्टमंगले तोरणास किंवा भिंतीवरील चौकटीस शोभतात, पायपुसण्यास नव्हे. वेल, पाकळी, जाळी ही निव्वळ अलंकरणे होत. ती पडद्यावर, साडीच्या काठावर खुशाल घ्यावीत.

दुसरी गोष्ट कारागिरीची. पाषाणातील कमळाचे सौंदर्य खोलीत व छायेत असते. सपाट पत्र्यावर सारा तपशील उतरविल्यास नक्षी गिचमिड होते. तेथे पाकळ्या कमी करून कडेस मोकळी जागा सोडावी. ओतीव दिव्यात थर साधतात; मात्र खाचा अरुंद ठेवल्यास तेल व काजळी साचते.

तिसरी गोष्ट व्यवहाराची. प्राचीन नक्षी कुणा एकाची मालमत्ता नाही. परंतु तिच्या आधारे घडविलेली आकृती खरोखर नवी असल्यास २००० च्या डिझाईन्स कायद्यान्वये तिची नोंदणी होऊ शकते. हे संरक्षण प्रथम १० वर्षांचे असून पुढे ५ वर्षे वाढविता येते. अर्ज मात्र माल बाजारात मांडण्यापूर्वीच करावा.

व्यापारी बंधूंनी नमुना पक्का करण्यापूर्वी स्वतःस एवढेच विचारावे: ही वस्तू घरात कोठे राहील आणि ती कशी धुतली जाईल? याचे उत्तर घरातील स्त्रिया आपणांपेक्षा अचूक देतील. आम्ही त्यांस आधी विचारले असते, तर ती तबके घडलीच नसती.