फोनचं रूप बदललं, तर आधी थांबा

2025 च्या ऑगस्टमध्ये, ऐन पोळ्याच्या आठवड्यात, अकोटातल्या माझ्या ऑनलाइन सेवा केंद्रावर लोक एकच तक्रार घेऊन येऊ लागले. सातबारा काढायला आलेला माणूसही आधी खिशातला फोन पुढं करायचा. "भाऊ, पाह्य बरं माह्या फोनाले काय झालं. म्या तं काईच दाबलं नाई." फोन लावायची आणि उचलायची स्क्रीन रातोरात वेगळी झाली होती. बटणं मोठी झाली होती, नंबरांची यादी नेहमीच्या जागी नव्हती, आणि आलेला फोन उचलायला बोट कुठं फिरवायचं तेच कळत नव्हतं. फोन हॅक झाले अशी आवई गावात उठली होती.

त्या आठवड्यात आणि पुढच्या महिन्यात जे पाहिलं, त्यावरून हे लिहितो आहे. स्क्रीन बदलल्यामुळं कोणाचा एक रुपया गेला नाही की एक फोटो गेला नाही. जे गेलं ते घाबरून केलेल्या उपायांमुळं गेलं. म्हणून पुढच्या वेळी काय करायचं आणि काय करायचं नाही, हे आधीच माहीत असलेलं बरं. पुढची वेळ येणारच आहे.

नेमकं काय झालं होतं

गूगलनं मे 2025 मध्ये अँड्रॉइडसाठी 'मटेरियल थ्री एक्स्प्रेसिव्ह' ही नवी मांडणी जाहीर केली. मग तीच मांडणी गूगलच्या 'फोन' या ॲपमध्ये आणली. रिअलमी, वनप्लस, ओप्पो, विवो, मोटोरोला अशा बऱ्याच कंपन्यांच्या फोनमध्ये कॉलसाठी गूगलचंच हे ॲप असतं. म्हणून वेगवेगळ्या कंपन्यांचे फोन एकाच आठवड्यात सारखे बदलले. सॅमसंगचं कॉलचं ॲप स्वतःचं असल्यामुळं ते फोन तसेच राहिले, आणि 'शेजाऱ्याचा बदलला नाही, माझाच बदलला' हा संशय आणखी पक्का झाला.

पूर्वी आवडते नंबर एका जागी आणि नुकतेच आलेले-गेलेले कॉल दुसऱ्या जागी असायचे. आता दोन्ही 'होम'मध्ये आले. एकाच नंबरचे कॉल पूर्वी एकत्र दिसत, आता प्रत्येक कॉल वेगळा दिसू लागला. फोन उचलण्यासाठी वर सरकवायची सवय होती, ते आता आडवं सरकवायचं झालं. माझ्या आईला बरेच दिवस फोन उचलता येत नव्हता. ती वर सरकवत राहायची, तोवर रिंग संपायची, आणि पुण्याहून बहीण काळजीनं मला फोन करायची. कंपनीच्या लेखी हा किरकोळ बदल असेल. सत्तरीच्या माणसाला तो घराबाहेरच्या जगाशी असलेला धागा तुटल्यासारखा वाटतो, म्हणून या घाबरण्याला कोणी हसू नये.

"काहीच दाबलं नाही, मग बदललं कसं?" हा प्रश्न रास्त होता. प्ले स्टोअरमध्ये ॲप आपोआप अपडेट होण्याची सोय बहुतेक फोनांत सुरूच असते. रात्री फोन चार्जिंगला असताना, वाय-फायवर, हे काम गुपचूप होतं. शिवाय नवी मांडणी अपडेटबरोबर आधीच फोनमध्ये येऊन पडलेली असते आणि कंपनी ती नंतर आपल्या बाजूनं सुरू करते. त्यामुळं बदल दिसतो त्या दिवशी आपण खरोखरच काही केलेलं नसतं.

घाबरून केलेले दोन उपाय

मुंडगावकडचं एक शेतकरी जोडपं आलं. फोन हॅक झाला असं समजून भाच्यानं तो 'फॅक्टरी रिसेट' केला होता. रिसेटनंतर फोन सुरू झाला, पण पूर्वीचं जीमेल आणि त्याचा पासवर्ड मागून थांबला. चोरीचा फोन कोणाला वापरता येऊ नये म्हणून अँड्रॉइडमध्ये हे कुलूप ठेवलेलं आहे. आता अडचण अशी की ते जीमेल फोन घेतला त्या दुकानदारानं उघडून दिलं होतं. पासवर्ड कोणाला माहीत नाही, आणि परत मिळवण्यासाठी दिलेला नंबर बंद पडलेल्या सिमचा. आपल्या भागात निम्म्याहून जास्त फोनांची गोष्ट हीच असावी असं माझ्या टेबलावरून मला दिसतं.

खरेदीचं बिल जपून ठेवलं होतं, म्हणून अकोल्याच्या सर्व्हिस सेंटरवर ते कुलूप निघालं. पण नातवाच्या बारशाचे फोटो, व्हॉट्सॲपवरचं सगळं बोलणं, फोनमध्येच साठवलेले नंबर, यातलं काही परत आलं नाही. नुसती स्क्रीन बदलली होती तेव्हा हे सगळं जागेवर होतं.

आणि वेळ कोणती होती? खरिपाची ई-पीक पाहणी 1 ऑगस्टपासून सुरू होती. 1 सप्टेंबरपासून कापूस महामंडळाच्या 'कपास किसान' ॲपवर हमीभावासाठी नोंदणी सुरू झाली, लांब धाग्याच्या कापसाला 8110 रुपये क्विंटल हा हमीभाव. पुढं सप्टेंबरातच लाडक्या बहिणींची ई-केवायसी आली. प्रत्येक कामाला ओटीपी हवा. त्या जोडप्यातल्या बाईंचं सिम मी साध्या बटणाच्या फोनमध्ये टाकायला सांगितलं, तेव्हा ओटीपी येऊ लागले. फोन अडकला तरी सिम चालू असतं, हे लक्षात ठेवा.

दुसरा अनुभव याहून धोक्याचा. अकोलखेडच्या एका काकांनी इंटरनेटवर 'कस्टमर केअर' शोधून मिळालेल्या नंबरवर फोन लावला. पलीकडचा माणूस गोड बोलला. फोन दुरुस्त करण्यासाठी स्क्रीन दाखवणारं एक ॲप टाका म्हणाला, मग बँकेचं ॲप उघडायला सांगितलं. मुलीनं वेळीच हातातून फोन घेतला आणि नेट बंद केलं, म्हणून पैसे वाचले. लोक घाबरलेले असतात तो काळ अशा टोळ्यांच्या सुगीचा असतो. 'नवं अपडेट' म्हणून व्हॉट्सॲपवर एपीके फाइल पाठवणं, वाहनाच्या दंडाच्या किंवा लग्नपत्रिकेच्या नावानं ती उघडायला लावणं, हेही त्यातलंच.

आधी ओळखा: ॲप बदललं की सिस्टीम

ॲपचं अपडेट आणि सिस्टीमचं अपडेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सिस्टीम म्हणजे वावर आणि ॲप म्हणजे त्यातलं पीक. पीक मोडून दुसरं पेरता येतं, पण वावराची माती एकदा खरडली की ती परत आणता येत नाही. एकच जागा बदललेली दिसते, म्हणजे फक्त कॉल किंवा फक्त व्हॉट्सॲप, तेव्हा ते बहुधा ॲपचं अपडेट असतं. पूर्ण फोनच नवा वाटतो, आणि त्याआधी फोन बंद होऊन सुरू झालेला असतो, तेव्हा ते सिस्टीमचं.

ॲपचं रूप नको असेल तर उपाय सोपे आहेत. कॉलच्या ॲपमध्ये सेटिंग्जमध्ये जा, 'इनकमिंग कॉल जेश्चर' हा पर्याय पाहा. तिथं सरकवण्याऐवजी 'सिंगल टॅप' निवडलं की एका बोटानं दाबून फोन उचलता येतो. माझ्या आईचा प्रश्न एवढ्यानंच सुटला. हे जमलं नाही तरच पुढचं करा: ॲपच्या चिन्हावर बोट दाबून धरा, 'ॲप इन्फो' उघडा, वरच्या तीन टिंबांतून 'अनइन्स्टॉल अपडेट्स' निवडा. जुनं रूप परत येतं. मात्र त्याबरोबर सुरक्षेच्या दुरुस्त्याही निघून जातात, म्हणून हा कायमचा मार्ग समजू नका. आपोआप अपडेट थांबवायचं असेल तर प्ले स्टोअरमध्ये आपल्या खात्याच्या चिन्हावरून सेटिंग्जमध्ये जाऊन ते बंद करता येतं. पण बँकेचं आणि यूपीआयचं ॲप मात्र नियमित अपडेट करत राहा.

सिस्टीमचं अपडेट घालण्यापूर्वी

इथं घाई अजिबात नको, कारण सिस्टीम नवी झाली की साध्या मार्गानं मागं जाता येत नाही. मोठं अपडेट आलं, म्हणजे अँड्रॉइडची आवृत्तीच बदलणार असेल, तर दोन-तीन आठवडे थांबा. आपल्याच मॉडेलचा फोन असलेल्या ओळखीच्यांना विचारा. दर महिन्या-दोन महिन्यांनी येणारं लहान सुरक्षा अपडेट मात्र टाळू नका. चोरांना माहीत झालेल्या वाटा त्यानं बंद होतात.

अपडेट सुरू करण्याआधी बॅटरी निम्म्याच्या वर असू द्या, फोनमध्ये जागा मोकळी करा, वाय-फाय वापरा, आणि मध्येच फोन बंद करू नका. नोंदणीची शेवटची तारीख, पेपर, दवाखान्याची तारीख, प्रवास, यांच्या आदल्या दिवशी तर अपडेट घालूच नका. नंतर पहिले एक-दोन दिवस फोन गरम वाटतो, बॅटरी लवकर उतरते. आत सगळी ॲप नव्यानं बसवली जात असतात, म्हणून हे होतं. आठवडाभरानंतरही तेच राहिलं तर तक्रार करा.

तक्रार करण्यात कमीपणा नाही. जुनी बॅटरी असलेले आयफोन अपडेटमधून मुद्दाम हळू केले होते, हे ॲपलनं डिसेंबर 2017 मध्ये मान्य केलं, माफी मागितली आणि बॅटरी बदलण्याचा दर उतरवला. ते घडलं लोकांनी प्रश्न लावून धरला म्हणून. आपल्याकडंही आयओएस 18 च्या अपडेटनंतर फोन नीट चालत नाही अशा तक्रारी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर गेल्या, आणि जानेवारी 2025 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ॲपलला नोटीस पाठवली. त्या हेल्पलाइनचा नंबर 1915, तिथं मराठीतही बोलता येतं. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता 1930 वर फोन करा. पहिल्या तासात कळवलं तर रक्कम अडवली जाण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते.

आजच करून ठेवायची कामं

फोनमध्ये कोणतं जीमेल आहे ते पाहा. दुसऱ्यानं उघडलेलं असेल तर पासवर्ड बदलून घ्या आणि परत मिळवण्यासाठीचा नंबर स्वतःचा, चालू असलेला टाका. जीमेल आणि पासवर्ड घरातल्या वहीत लिहा, आणि ती वही सातबारा, बँकेचं पासबुक ठेवता तिथं ठेवा. यूपीआयचा पिन मात्र कुठंही लिहू नका.

नंबर फोनमध्ये नव्हे, गूगल खात्यात जपले जातात का ते बघा. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये 'चॅट बॅकअप' सुरू करा. ते आता गूगलच्या मोफत 15 जीबीत मोजलं जातं, म्हणून जागा भरली असेल तर नको ते व्हिडिओ काढून टाका. खरेदीचं बिल आणि डबा फेकू नका. चार जवळचे नंबर कागदावरही असू द्या. कस्टमर केअरचा नंबर इंटरनेटवर शोधू नका, फोनच्या डब्यावरचा किंवा कंपनीच्या स्वतःच्या ॲपमधलाच घ्या. आणि रिसेट हा शेवटचा उपाय आहे, जाणत्या माणसाला दाखवल्याशिवाय त्याला हात लावू नका.

कंपन्यांकडंही माझं मागणं आहे. कॉल उचलण्याची पद्धत बदलणार असाल तर ती सुरू करण्याआधी स्क्रीनवर मराठीत सांगा, आणि 'जुनंच ठेवा' असं एक बटण द्या. पोटासाठी आणि जिवासाठी ज्या यंत्रावर माणूस अवलंबून आहे, त्यात न विचारता बदल करण्याचा हक्क कोणालाही असू नये.

तोवर ही जबाबदारी घरातल्या तरुणांवर आहे. आई-वडिलांच्या हातून फोन घेऊन झटकन नीट करून देऊ नका. त्यांच्या शेजारी बसा, त्यांच्याच बोटानं दोनदा, चारदा करून घ्या. बाहेरगावी असाल तर शेजारच्या एखाद्या पोराला सांगून ठेवा, आणि नवं रूप आलं की स्वतः फोन करून समजवा. आपल्या माणसाला पहिल्या दिवशी कोणी तरी धीरानं समजावून सांगितलं, तर त्याला अनोळखी नंबर शोधायची वेळ येणार नाही.